सांगलीहून पवईस : एका उद्योग-परिषदेची यात्रा

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे काशी-रामेश्वर, बदरीनारायण, निदानपक्षी महाबळेश्वर तरी उभे राहते. आम्ही ज्या यात्रेची हकीगत आज सादर करीत आहो तीत देव नाही, तीर्थ नाही आणि थंड हवाही नाही. सांगलीहून निघावयाचे, मुंबईतील पवई येथे भरलेल्या उद्योग-परिषदेस दोन दिवस हजर राहावयाचे आणि चौथ्या दिवशी दिवेलागणीस घरी परतावयाचे, एवढाच हा प्रवास. परंतु या चार दिवसांच्या निमित्ताने आमच्या घरातील कित्येक वर्षांचे एक मौन सुटले. ज्या घरांतून ‘नोकरी’ हा शब्द आशीर्वादासारखा व ‘धंदा’ हा शब्द अपशब्दासारखा उच्चारला जातो, अशी घरे आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी ही हकीगत लिहावयास घेतली आहे.

प्रथम थोडे आमच्याविषयी. आम्ही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात आहो. घर एकत्र कुटुंबाचे : आजी-आजोबा, आई-वडील, काका-काकू आणि आम्ही पाच भावंडे. सांगली हे हळदीचे गाव. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे हळद साठविण्याची जमिनीतील पेवे पूर्वी शेकड्यांनी होती; २००५ सालच्या महापुरात त्यांपैकी पुष्कळशी निकामी झाली. तथापि हळदीचा बाजार कायम आहे, आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद काढावयाची, शिजवावयाची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवावयाची, मग पॉलिश करून बाजारात न्यावयाची, असा तिचा क्रम असतो. ती पुरती वाळली की नाही हे सौद्याच्या वेळी हळकुंड मोडून, त्याचा आवाज ऐकून ठरविण्याची जुनी पद्धत आहे. मोडणारा हात ज्याचा, निकाल त्याचा. ‘माल ओला आहे’ असे एकदा म्हटले की भाव उतरतो, आणि शेतकऱ्यापाशी उत्तर नसते.

आम्ही व आमचे एक सहाध्यायी मित्र, अशा उभयतांनी मिळून हळदीतील ओलावा सांगणारा एक लहानसा मापक तयार केला होता. वाटीभर हळकुंडांचे तुकडे त्यात टाकावयाचे. त्यांतील पाण्याच्या प्रमाणानुसार विजेचा गुणधर्म बदलतो, त्यावरून शेकडा किती ओलावा आहे हे आकड्यांत दिसते. मिरज व तासगाव तालुक्यांतील चौदा शेतकऱ्यांच्या खळ्यांवर आम्ही तो चालवून पाहिला होता. महाविद्यालयाच्या प्रदर्शनात त्याची वाहवा झाली, आणि पवईच्या परिषदेतील स्पर्धेसाठी आमची निवड झाली.

परंतु त्याच आठवड्यात दुसरेही एक पत्र आले. पुण्याच्या एका कंपनीने आम्हां उभयतांस नोकरी देऊ केली होती. पगार चांगला होता, आणि होय की नाही याचे उत्तर परिषदेनंतरच्या सोमवारपर्यंत कळवावयाचे होते. ते पत्र काकूंनी देवापुढे ठेवले. मापकाची पेटी मात्र जिन्याखालीच राहिली.

याचे कारण सांगितले पाहिजे. आमच्या आजोबांचे वडील बंधू, ज्यांस आम्ही थोरले आजोबा म्हणतो, यांनी तरुणपणी फौंटनपेनच्या शाईचा कारखाना काढला होता. निळी, काळी व जांभळी अशा तीन शाया ते करीत, आणि आसपासच्या तीन जिल्ह्यांतील शाळांत त्या खपत. पुढे बॉलपेन आले व स्वस्त झाले. माजघरात शाईच्या बाटल्यांची रास वाढू लागली, कर्ज वाढू लागले, आणि एके दिवशी घराचे कागद गहाण पडले. आजीच्या पाटल्याही त्यातच गेल्या. थोरले आजोबा त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. आजोबा बँकेत कारकून होते. त्यांनी आपल्या पगारातून ते कर्ज चौदा वर्षे फेडले. यावर आमच्या घरात कोणीही कधी बोलत नसे. ‘धंदा’ हा विषय निघाला की आजी उठून स्वयंपाकघरात जाई, एवढेच आम्ही लहानपणापासून पाहिले होते.

म्हणून पवईस जाण्याची परवानगी मागताना आमची जीभ अडखळली. आजोबांनी चष्मा पुसला, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “जा. पण एक गोष्ट पाहून ये. तिथे बुडालेली माणसे कोणी बोलतात का?”

हा प्रश्न आम्ही शिदोरीबरोबर बांधून घेतला.

गुरुवारी सकाळी कोयना एक्सप्रेसने निघालो. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा मुलूख आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहो. परंतु डोक्यात एखादा प्रश्न असला म्हणजे ओळखीची स्टेशनेही निराळी दिसू लागतात. भिलवडी मागे पडली आणि किर्लोस्करवाडी आली. पूर्वी या स्टेशनाचे नाव कुंडल रोड असे होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले; पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावास सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर, अशी त्यांची वाटचाल झाली. लोखंडाने जमीन नासते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज व जागा देऊ केली, आणि १९१० साली या ३२ एकरांच्या ओसाड माळावर कारखाना उभा राहिला. आज तेथे पंप तयार होतात.

आमचे मित्र खिडकीशी बसले होते. ते म्हणाले, “दोन वर्षे एकही नांगर खपला नाही. त्या दोन वर्षांत घरात चूल कशी पेटत असेल?” आम्ही हसलो; ते हसले नाहीत. त्यांच्या वडिलांचे दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडले होते, आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण अजून व्हावयाचे होते, हे आम्हांस ठाऊक होते. ठाऊक असूनही आम्ही हसलो, याची रुखरुख पुढे फार वेळ राहिली.

कराडचे स्टेशन लागले. हे स्टेशन शहरापासून दूर, ओगलेवाडीस आहे. १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी टांगला गेला. आमच्या माजघरातही तो एक होता. आजी अजून त्याची काच राखुंडीने पुसलेली आठवण सांगते. पुढे खेडोपाडी वीज पोहोचली, कंदिलाचे काम संपले, आणि ओगलेवाडीची भट्टी विझली. किर्लोस्करवाडीपासून आगगाडीने येथवर यावयास फारसा वेळ लागत नाही. परंतु एका स्टेशनात कारखाना आहे आणि दुसऱ्यात केवळ नाव आहे. शाईच्या बाटल्या आणि कंदिलाच्या काचा यांचे नाते आम्हांस त्या दिवशी प्रथमच जाणवले.

सातारा, वाठार, नीरा, जेजुरी करीत गाडी पुण्यास आली. काकूंनी दिलेले दशम्या-चटणीचे डबे वाटेत संपले होते. पुण्यास गाडी थांबली असता मनात आले की, आपण ज्या परिषदेस चाललो आहो ती काही नवी गोष्ट नव्हे. १८९० साली याच पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने औद्योगिक परिषद भरली होती. केवळ शेतीवर विसंबून राहिलेल्या देशाचे दारिद्र्य हटणार नाही, उद्योगधंदे वाढले पाहिजेत आणि त्यांस पैसा पुरविण्याची व्यवस्थाही झाली पाहिजे, हे त्यांचे सांगणे होते. गंमत अशी की हे सांगणारे रानडे स्वतः सरकारी नोकरीत न्यायाधीश होते. नोकरीच्या आसनावर बसून उद्योगाचे स्वप्न पाहण्याची आमची परंपरा अशी बरीच जुनी आहे. यात आम्ही रानड्यांस दोष देत नाही. ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो त्यालाच पुष्कळदा पुढचे पाहावयास सवड मिळते.

तळेगाव गेले. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून माणशी एक पैसा याप्रमाणे जो पैसा फंड जमविला, त्यातून १९०८ साली येथे काचेचा कारखाना निघाला. हल्ली परिषदांतून पुष्कळ जणांकडून थोडे थोडे भांडवल गोळा करण्याच्या नव्या युक्तीविषयी व्याख्याने होतात. ती ऐकताना काळ्यांची आठवण व्हावी. लोणावळ्यानंतर घाट लागला. वालचंद हिराचंद यांनी आपल्या बांधकामाच्या धंद्यास आरंभ केला तो फाटक नावाच्या भागीदारासह. हे फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. पुढे या भोर घाटातील बोगद्यांचे काम वालचंदांच्या कंपनीने केले. एका बोगद्याच्या अंधारात आम्ही मित्रास म्हणालो, “कारकुनानेही धंदा केला आहे बरे का.” उजेडात आल्यावर ते म्हणाले, “केला. पण भागीदार वालचंद होता.”

मुक्काम डोंबिवलीस आत्याकडे होता. दोन खोल्यांत सहा माणसे, त्यांत आम्ही दोघे. आत्याने आमच्यासाठी पुरणपोळी केली होती, आणि नोकरीच्या पत्राबद्दल अभिनंदनही केले. परिषदेविषयी तिने काही विचारले नाही. मापकाची पेटी तिने पलंगाखाली सरकविली.

शुक्रवारी पहाटेच्या लोकलने कांजूरमार्ग गाठले व तेथून रिक्षाने पवई. भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचे हे आवार १९५८ साली स्थापन झालेल्या संस्थेचे. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी येथे कोनशिला बसविली, आणि यंत्रसामग्रीसाठी युनेस्कोच्या द्वारे सोव्हिएत रशियाचे साह्य मिळाले. एका बाजूस पवई तलाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईस पाणी पुरविण्याकरिता तो बांधला. पुढे ते पाणी पिण्याजोगे राहिले नाही, पण तलाव राहिला, आणि त्यात मगरीही आहेत. दुसऱ्या बाजूस टेकड्या व दाट झाडी. विभागांच्या इमारती एका लांबच लांब छपरी मार्गाने जोडल्या आहेत. पावसाळ्यात छत्री न उघडता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता यावे. रस्त्याने गुरे निवांत हिंडत होती, आणि जगातील नवे शोध लावणारी मुले त्यांस वळसा घालून सायकली हाकीत होती.

येथील विद्यार्थ्यांचा उद्योजकता-कक्ष १९९८ पासून आहे, आणि संशोधनातून निघालेल्या नव्या धंद्यांस आरंभी आसरा देणारी निराळी संस्था २००४ पासून. परिषदेस देशभरातून विद्यार्थी लोटले होते. मांडव, फलक, गळ्यांत ओळखपत्रे, सभागृहांबाहेर रांगा. दर चार शब्दांमागे एक शब्द ‘स्टार्टअप’ असे. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू केल्यापासून हा शब्द आमच्या सांगलीच्या भाजीबाजारातही पोहोचला आहे, तेव्हा येथे त्याचा पूर असावा यात नवल नाही. भांडवल देणारे गृहस्थ येथे धंद्यात किती नफा होतो असे प्रथम विचारीत नाहीत; धंदा किती वेगाने मोठा होईल असे विचारतात. दहा ठिकाणी पैसा घालावा, सात बुडावे, दोन कसेबसे तरावे आणि एकाने सर्वांची भरपाई करावी, असा काहीसा त्यांचा हिशेब. देणाऱ्याच्या दृष्टीने हा हिशेब चोख आहे. प्रश्न एवढाच की त्या सातांच्या घरी कोण असते?

आजोबांचा प्रश्न आमच्या खिशात होता. आम्ही दोन दिवसांत नऊ व्याख्याने ऐकिली. अपयशाची वर्णने पुष्कळ झाली. एकाने पहिला धंदा कसा बुडाला ते सांगितले, दुसऱ्याने दोनदा दिवाळे कसे निघाले ते सांगितले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु लवकरच ध्यानात आले की, व्यासपीठावर अपयश सांगावयास तोच येतो ज्यास पुढे यश मिळाले. त्याचे अपयश म्हणजे मागल्या मुक्कामाचे स्टेशन. ज्याची गाडी त्याच स्टेशनात कायमची थांबली, त्यास ध्वनिक्षेपकापुढे कोण बोलाविणार? आणि बोलाविले तरी तो येईल काय?

शुक्रवारी दुपारी आमची परीक्षा झाली. पाच मिनिटांत आपली कल्पना मांडावयाची, मग तीन परीक्षकांचे प्रश्न. मापक चालला, आकडा दिसला, आम्हांस धन्यता वाटली. पहिल्या परीक्षकांनी विचारले, “हा विकत कोण घेणार?”

“शेतकरी,” आम्ही म्हणालो.

“वर्षातून किती दिवस वापरील?”

“दहा-पंधरा.”

“किंमत?”

“तीन हजार रुपये.”

“पंधरा दिवसांसाठी तीन हजार तो का देईल?”

आम्ही मित्राकडे पाहिले, मित्राने आमच्याकडे. चौदा शेतकऱ्यांनी मापकाची स्तुती केली होती, परंतु ‘विकत घ्याल का’ असे त्यांतील एकासही आम्ही विचारले नव्हते. फुकट मापून घेणारा मनुष्य स्तुतीच करणार, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती.

दुसऱ्या परीक्षक एक प्रौढ बाई होत्या. त्यांनी मापक हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, “यंत्र चांगले आहे. पण तुम्ही यंत्र विकू नका. मापून देण्याचे काम विका. एक यंत्र दहा गावांत फिरू शकते. आणि एक सांगते. ज्याच्या हाती आज मोडून पाहण्याचा अधिकार आहे त्यास तुमचा आकडा नको असेल. म्हणून बाजारात मापू नका, खळ्यावर मापा. शेतकरी बाजारात जाईल तो आपला आकडा घेऊनच जाईल. शेतकऱ्यांच्या एखाद्या संघाकडे प्रथम जा.”

संध्याकाळी पुढील फेरीत गेलेल्यांची नावे लागली. त्यांत आमचे नाव नव्हते.

शनिवारी दुपारी आम्ही उदास मनाने प्रदर्शनाच्या मांडवात हिंडत होतो. एका कंपनीच्या दालनात सुमारे पस्तीस वर्षांचे एक गृहस्थ माहितीपत्रके वाटीत उभे होते. आमच्या हातांतील पेटी पाहून त्यांनी चौकशी केली, मापक उघडावयास लाविला, जोडणीतील एक दोषही दाखविला. एवढी जाण असलेला मनुष्य माहितीपत्रके का वाटीत आहे, असे आमच्या चेहऱ्यावर उमटले असावे. ते म्हणाले, “माझाही कारखाना होता. तीन वर्षे चालला. आता नोकरी करतो आणि हप्ते फेडतो. अजून दोन वर्षे आहेत.”

आम्ही त्यांस चहास चलण्याची विनंती केली. टपरीवर उभे राहून त्यांनी आपली हकीगत सांगितली. ती त्यांची आहे, म्हणून ती येथे विस्ताराने देत नाही. सासऱ्यांचे पैसे गेले, कामगारांचे दोन महिन्यांचे पगार थकले. ते त्यांनी नंतर नोकरीच्या पैशातून चुकते केले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. शेवटी आम्ही आजोबांचाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला : “चूक नेमकी कोठे झाली?”

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “माल वाईट नव्हता. गिऱ्हाईकही होते. पण तोटा होऊ लागला त्या महिन्यापासून मी हिशेब लिहिणे थांबविले. आकडा पाहावयाची भीती वाटे. सात महिने मी आकडा पाहिला नाही. पहिल्याच महिन्यात पाहिला असता तर अर्ध्या कर्जात सुटलो असतो.” आम्ही पैसे देऊ लागलो तो त्यांनी आमचा हात धरला. “तुम्ही विद्यार्थी आहात. चहा माझा.”

पवईच्या परिषदेत आम्हांस मिळालेले सर्वांत मोठे व्याख्यान ते हेच. त्याला व्यासपीठ नव्हते आणि टाळ्याही झाल्या नाहीत.

रविवारी परतीची गाडी धरली. घाट, तळेगाव, पुणे उलट्या क्रमाने आली. ओगलेवाडीच्या पुढे उन्हे उतरली. किर्लोस्करवाडीस गाडी थांबली तेव्हा मित्र फलकाकडे पाहत म्हणाले, “मी उद्या होकार कळवितो. मला नोकरी धरलीच पाहिजे.” आम्ही काही बोलणार, तोच त्यांनी आमच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुझ्या घरी आजोबांचे निवृत्तिवेतन आहे, वडिलांचा पगार आहे, काकांचा आहे. तू वर्षभर कमावले नाहीस तर तुमच्या घरी ताटे कमी होणार नाहीत. माझ्या घरी होतील. जोडणीतला दोष रविवारी येऊन दुरुस्त करून देत जाईन.”

यात राग नव्हता, तक्रार नव्हती. केवळ हिशेब होता, आणि तो बरोबर होता. एकत्र कुटुंबाची बंधने आम्ही आजवर मोजीत आलो : विचारल्याशिवाय जाता येत नाही, ठरविल्याशिवाय करता येत नाही. परंतु पडलो तरी ताट वाढलेले राहील, हे भांडवल कोणत्या परिषदेत मिळते? आणि हेही त्याच वेळी ध्यानात आले की ज्या घराने हे भांडवल द्यावयाचे, त्याच घराने ते एकदा गमाविले आहे. ते घर दुसऱ्यांदा विचार करील तर तो भित्रेपणा नव्हे.

घरी पोहोचलो तेव्हा तुळशीपुढे दिवा लागला होता. जेवणे झाल्यावर आजोबांनी विचारले, “मग? बोलले का कोणी?” आम्ही सर्व सांगितले. नाव लागले नाही हे सांगितले, परीक्षक बाईंचे म्हणणे सांगितले, मित्राचा निर्णय सांगितला. आणि शेवटी टपरीवरच्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. ‘हिशेब लिहिणे थांबविले’ हे शब्द आले तेव्हा आजोबा उठले. त्यांनी आपली जुनी ट्रंक उघडली आणि लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या आणून आमच्यापुढे ठेविल्या.

एक वही त्यांची स्वतःची होती. चौदा वर्षे, दरमहा एक ओळ : तारीख, रक्कम, बाकी. शेवटच्या ओळीत बाकी शून्य. दुसरी थोरल्या आजोबांची. सुंदर वळणदार मोडी आणि बाळबोध अक्षर, बाटल्यांची संख्या, रंगांचा खर्च, शाळांची येणी. एका दिवाळीच्या पाडव्यास नवे खाते घातलेले, त्यानंतर तीन पाने, आणि पुढे सर्व वही कोरी.

आजोबा म्हणाले, “लोक म्हणतात दादाला बॉलपेनाने बुडविले. मीही तसेच म्हणत आलो. बॉलपेनाने धंदा बुडाला असता. घर बुडाले ते या कोऱ्या पानांनी. त्याने मला ही वही दाखविली असती तर मी बँकेतला मनुष्य, मला एका दृष्टीत कळले असते. पण त्याला लाज वाटली, आणि मी विचारले नाही.”

आजी या वेळी स्वयंपाकघरात गेली नाही. ती खांबास टेकून उभी होती. ती म्हणाली, “पाटल्यांचे मला कधीच दुःख झाले नाही. मला कोणी सांगितले नाही, याचे झाले.”

त्या रात्री घरातील सर्व मंडळी ओटीवर बसली. वडिलांचे म्हणणे नोकरी घ्यावी असे होते, आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितले. काका मध्यम मार्गाचे. बराच खल झाला. शेवटी ठरले ते असे : एक हळदीचा हंगाम आणि त्यानंतरचे एक वर्ष आम्हांस मिळावे. आजोबा आपल्या ठेवीतून चाळीस हजार रुपये देतील, अधिक नाही. घराच्या कागदांस व कोणाच्याही अंगावरील सोन्यास हात लागणार नाही. रोजचा हिशेब रोज लिहावयाचा आणि दर शनिवारी तो सर्वांसमक्ष वाचावयाचा. तोटा असेल त्या शनिवारी तर अवश्य. वर्षअखेर आकडे सांगतील तसे वागावयाचे. वडिलांनी “ठीक आहे” म्हटले. ते मनापासून नव्हते, हे आम्हांस दिसले. ते वर्षभरात मिळवावयाचे आहे.

सोमवारी मित्रांनी होकार कळविला व आम्ही नकार. काकूंनी पत्र देवापुढून उचलले, घडी घातली आणि पंचांगात ठेवून दिले. मापकाची पेटी मात्र जिन्याखालून ओटीवर आली.

संध्याकाळी आजोबांनी थोरल्या आजोबांची तीच वही आमच्यापुढे केली आणि पहिले कोरे पान उघडले. आम्ही प्रवासखर्च मांडला : रेल्वे, लोकल, रिक्षा, जेवण. आजोबांनी चष्म्यातून एकेक ओळ तपासली.

“शनिवारचा चहा कोठे आहे?”

“तो त्या गृहस्थांनी पाजला, आजोबा. आम्ही खर्चच केला नाही.”

आजोबांनी पेन आमच्या हातून घेतले नाही. केवळ बोट पानाच्या डाव्या बाजूवर ठेविले.

“मग तो जमेस मांड.”